फ्री-फ्लोट हँडगार्डवर बायपॉड: भार नेमका कुठे जातो?

तापीकाठ :

नमस्कार मंडळी.

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या नेमबाज मित्रांकडून अलीकडे एकच तक्रार वारंवार ऐकू येते. चेसिसवाली (लाकडी दस्त्याऐवजी धातूच्या सांगाड्यात बसवलेली) नवी रायफल घेतली, पुढे बॅरलभोवती लांब ॲल्युमिनियमचा हँडगार्ड (हाताने धरायचं आवरण) आहे, त्याला चांगल्यातला बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावला, आणि ग्रुप (टार्गेटवर गोळ्यांचा पडणारा झुबका) घट्ट व्हायचा सोडून पसरला. मग पेलेटचा (छऱ्यांचा) डबा बदलतात, स्कोपच्या रिंगा उघडतात, वाऱ्यावर खापर फोडतात. बायपॉडचा भार रायफलीच्या कुठल्या भागातून जातोय हे मात्र कुणी बघत नाही. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोलतोय ते परवान्यावरच्या .२२ बोल्ट ॲक्शन रायफली आणि पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) एअर रायफली यांच्याबद्दल. नेटवरची बहुतेक माहिती एआर-१५ ही अमेरिकी रायफल धरून लिहिलेली असते. ती रायफल आपल्याकडे सामान्य परवानाधारकाच्या हाती येत नाही, पण तिच्यावरून मुद्दा चटकन कळतो. तिच्या जुन्या हँडगार्डचं पुढचं टोक बॅरलवरच्याच एका टोपीत अडकवलेलं असायचं. पट्टा ताणला किंवा पुढे टेकू दिला की तो दाब थेट बॅरलवर यायचा आणि गोळी दुसरीकडे जायची. फ्री-फ्लोट हँडगार्ड आला तो ही अडचण काढायला. त्यात बॅरल फक्त मागे, रिसीव्हरमध्ये (बोल्ट बसतो त्या मुख्य भागात) बसलेली असते. तिथून तोंडापर्यंत तिला कशाचा स्पर्श नसतो. हँडगार्ड तिच्याभोवती असला तरी तोही मागेच धरलेला असतो. गोळी सुटताना बॅरल थरथरते. ती थरथर दर वेळी सारखी राहिली तर गोळ्या एका जागी पडतात. मध्येच कुठे काही टेकलं, आणि तेही कधी जास्त कधी कमी, की संपलं.

आता लोक गफलत करतात ती इथे. फ्री-फ्लोट म्हणजे वाकत नाही असा अर्थ नाही. घराची गॅलरी जशी एकाच बाजूला भिंतीत धरलेली असते, तसा हँडगार्ड मागेच धरलेला आहे. टोकावर भार दिला की तो थोडा का होईना वाकणारच. जाड, रुंद, मागे चांगल्या लांबीवर पकड असलेला असेल तर वाकणं नगण्य. पण वजन कमी करायला पातळ केलेला, जिकडेतिकडे खाचा पाडलेला, मागे दोन बारीक स्क्रूंवर तोललेला असेल, तर बायपॉडवर नुसतं गाल टेकवून झोपलात तरी खालची फट कमी होते. बॅरलला टेकला की फ्री-फ्लोट नावापुरतंच उरलं.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. रायफल रिकामी करा, मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. झेरॉक्सच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापा. हँडगार्ड वरून उघडा असेल तर पट्टी बॅरलखालून घालून दोन्ही टोकं वर धरा आणि तोंडाकडून रिसीव्हरकडे सावकाश ओढत न्या. बंद नळीसारखा असेल तर जाड कागदाची लांब पट्टी पुढून खालच्या फटीत सरकवा. रायफल हवेत धरलेली असताना पट्टी सरकेलच. खरी परीक्षा पुढे आहे. रायफल बायपॉडवर ठेवा, मित्राला नेहमीसारखं मागे झोपवा, गाल टेकवू द्या, खांद्याने पुढे रेटू द्या, आणि तेव्हा पट्टी सरकवा. नुसत्या वजनाने खालची फट मिटते, पण रेटा दिला की ताणाची दिशा बदलते, म्हणून दोन्ही अवस्थांत बघा. कुठे कागद अडला तर त्या जागी पेन्सिलीने खूण करा. बहुधा ती पुढच्या टोकाजवळच सापडते.

जोडणीबद्दल. आपल्याकडे तीन प्रकार दिसतात. जुन्या पद्धतीचा पट्ट्याचा स्टड (पट्टा अडकवायची खुंटी), पिकॅटिनी रेल (आडव्या खाचांची पट्टी) आणि एम-लॉक (हँडगार्डमध्येच पाडलेल्या लांबट खाचा). पिकॅटिनी हे १९९५ चं अमेरिकी लष्करी प्रमाण, खाच ५.२३ मिमी रुंद आणि एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत १०.०१ मिमी. एम-लॉक २०१४ मध्ये मॅगपुल या अमेरिकी कंपनीने आणलं. त्याआधीची तशीच जोडणी, कीमॉडही काही हँडगार्डांवर दिसतं, पण अमेरिकी नौदलाच्या क्रेन इथल्या चाचण्यांत एम-लॉक भार सोसण्यात आणि काढून पुन्हा लावल्यावर त्याच जागी येण्यात सरस ठरलं. नवीन घेणाऱ्याने दुसरा विचार करू नये.

रेलवर क्लॅम्प आवळताना एक गोष्ट आवर्जून करा. क्लॅम्पचा आडवा दांडा खाचेत थोडा मागेपुढे हलतो. स्कोपच्या वेळी आपण तो पुढे सारून आवळतो, कारण धक्क्याने रायफल मागे येते आणि स्कोप जागीच राहू बघतो. बायपॉडचं उलटं आहे. आपण खांद्याने रायफल पुढे रेटतो, पाय जमिनीला धरून राहतात, म्हणजे क्लॅम्प बटच्या (खांद्याला लागणाऱ्या मागच्या टोकाच्या) दिशेने ढकलला जातो. म्हणून तो मागे, आपल्याकडे सारून आवळायचा. नाहीतर पहिल्या दोनचार फैरींत तो स्वतःच सरकून बसतो आणि त्या फैरी वाया जातात.

आणि पुढे किती लावायचा? सगळे म्हणतात, जितका पुढे तितका स्थिर. यामागचं गणित साधं आहे. बायपॉडपासून बटपर्यंत ६० सेंमी अंतर असेल आणि बट १ मिमी हललं, तर ५० मीटरवर नेम ८३ मिमी हलतो. तेच अंतर ७५ सेंमी केलं तर ६७ मिमी. फरक मोठा आहे, यात वाद नाही. पण पुढे नेलं की हँडगार्डवरची तरफही वाढते. म्हणून माझं मत असं: कागदाच्या परीक्षेत जी सर्वांत पुढची जागा पास होते, तिथे लावा. त्याच्या पुढे एक खाचही नको.

शेवटचं. स्कोपचा माउंट अर्धा रिसीव्हरवर आणि अर्धा हँडगार्डच्या वरच्या रेलवर असा कधीही लावू नका. बॅरल आणि स्कोप दोन्ही रिसीव्हरवर असतील तोवर हँडगार्ड थोडा वाकला तरी नेमाला धोका नाही. स्कोपचा एक पाय हँडगार्डवर गेला की बायपॉडचा प्रत्येक दाब नेमात उतरतो.

कुणाचे प्रश्न असतील तर विचारा.

—

भुसावळकर :

दादा, फार कामाचं लिहिलंत. माझी .२२ आहे, हँडगार्डला एम-लॉकच्या खाचा. बायपॉडचा अडॅप्टर कितीही आवळला तरी दोनतीन सेशननंतर सैल होतो. स्क्रू चांगले आहेत. आणखी जोरात आवळू का?

—

तापीकाठ :

भुसावळकर, आधी जोर वाढवू नका. अडॅप्टर काढा आणि टी-नट (अडॅप्टरचा स्क्रू जिच्यात बसतो ती आतली नट) बघा. स्क्रू फिरवायला लागलं की ती नट खाचेच्या आत नव्वद अंश वळून आडवी व्हायला हवी, तरच तिचे दोन्ही कान आतल्या भिंतीला धरतात. अर्धवट वळली तर एका कोपऱ्यावर अडकते, हाताला घट्ट लागते आणि धक्के बसले की सुटते. हँडगार्डच्या आत टॉर्च मारून दोन्ही नटा खाचेला काटकोनात आल्या आहेत का ते बघा.

त्या आडव्या असतील तर स्क्रू आणि नट स्पिरिटने पुसून घ्या. कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं. मग निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव), एकच थेंब. लाल नको, ते तापवल्याशिवाय निघत नाही. रात्रभर राहू द्या. आवळायला ॲलन कीची आखूड बाजू हातात धरा. अडॅप्टरबरोबर आलेल्या कागदावर टॉर्क (किती जोराने आवळायचं ते माप) दिलेला असेल तर तोच पाळा. ॲल्युमिनियमच्या खाचेचे काठ जास्त जोराने दबतात आणि मग ती जागा कायमची सैल होते.

—

केळीबाग :

काय भो, रावेरकडून रामराम. माझ्याकडे पीसीपी आहे, पुढे बाटली आहे, हँडगार्ड बाटलीच्या वरच्या अंगाने जातो. बायपॉडवाल्याने सोबत गोल क्लॅम्प दिलाय तो बाटलीवर बसतो बरोबर. शेतात बांधाच्या आडोशाला टार्गेट लावून सराव करून राहिलो. बाटलीवर लावला तर चालेल का? दुसरं म्हणजे आपल्या काळ्या मातीत बायपॉडचे पाय एका बाजूला बुडतात, त्याचं काय करायचं?

—

तापीकाठ :

केळीबाग भाऊ, बाटलीवर बिलकूल नको. त्या बाटलीत दोनशे, अडीचशे बार दाब भरलेला असतो. तिच्यावर धातूचा क्लॅम्प आवळणं, तिला ओरखडा पाडणं, तिच्यावर तरफेचा भार देणं, हे नेमासाठी नाही तर तुमच्या जिवासाठी टाळायचं. कार्बन फायबरची असेल तर आणखीच जपा. शिवाय दाब उतरला की बाटली आणि नळकांडं सूक्ष्म प्रमाणात आकसतात, आणि त्यावर टेकलेलं सगळं जागा बदलतं.

बायपॉड हँडगार्डच्या खालच्या रेलवरच लावा. रेल बाटलीमुळे मागे राहत असेल तर राहू द्या, अंतर कमी मिळालं तरी चालेल.

पीसीपीवाल्या सगळ्यांनाच आणखी एक सांगायचंय. बॅरलवर जी जाड बाहेरची नळी असते, आवाज कमी करणारी, तिला बरेच जण हँडगार्ड समजतात. ती बॅरललाच जोडलेली असते. तिच्यावर बायपॉड म्हणजे बॅरलवर बायपॉड. तसंच बॅरल आणि खालचं नळकांडं यांना बांधणारी जी पट्टी असते, तिच्या पुढे काहीही टांगू नका.

मातीचं. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल, दोन्ही वेळा एक पाय खाली जातोच. आपल्याकडे बारदानाला तोटा नाही. जाड बारदान चारपदरी घडी करून दोन्ही पायांखाली एकच अखंड टाका, दोन वेगळे तुकडे नकोत. बारदानात रबरी पाय रुततात आणि खांद्याचा रेटा धरून ठेवतात. कडक फरशीवर तेच पाय उडतात. तरी एक पाय खाली राहिला तर रायफल तिरकी होते, आणि ते अंतर वाढेल तसं नडतं. पेलेटला ५० मीटरवर पोचायला स्कोपमध्ये २० सेंमी घसरण भरून काढली असेल आणि रायफल ३ अंश तिरकी झाली, तर पेलेट साधारण १ सेंमी बाजूला जातो. स्कोपवर एक छोटी पाणपातळी लावा आणि ट्रिगर दाबण्याआधी तिच्याकडे नजर टाका. झुकणारा बायपॉड असेल तर एका बाजूची नॉब सैल करून सरळ करता येतं.

बांधामागे कुणी मजूर, गुरं नाहीत ना, हे दर वेळी जाऊन बघत चला. केळीच्या बागेत माणूस दिसत नाही.

—

केळीबाग :

बरं झालं विचारलं. क्लॅम्प आजच काढतो. बारदान तर घरातच पडलेलं आहे.

—

धुळ्याचा आबा :

मी राज्य राखीव दलात, धुळ्याला गट ६ मध्ये होतो. आमच्याकडे ब्रेन एलएमजी (हलकी मशीनगन) होती, तिचा बायपॉड पुढे गॅस सिलिंडरला. त्या हत्याराचं काम वेगळं. एका बिंदूत पाच गोळ्या घालायची अपेक्षाच नसते. त्यामुळे सैन्यात, पोलिसात चालतं म्हणून इथे चालेल असं समजणाऱ्यांनी तापीकाठ यांचं लिखाण दोनदा वाचावं.

पण माझं एक म्हणणं आहे. इतका खटाटोप करण्यापेक्षा वाळूची पिशवी बरी. पिशवी पुढे, पिशवी मागे, रायफल हलत नाही, काही आवळायचं नाही, काही सुटत नाही. बायपॉडची हौस आहे सगळी.

—

तापीकाठ :

आबा, नमस्कार. रेंजवर बाक असेल, पिशव्या असतील, तर तुमचं शंभर टक्के बरोबर. मीही झीरो करताना (स्कोपचा नेम आणि गोळी पडण्याची जागा जुळवताना) पिशवीच वापरतो. पण पिशवीसुद्धा हँडगार्डखाली कुठे ठेवली याला महत्त्व आहेच. एकदा पुढे, एकदा मागे ठेवली तर तीही वेगळा दाब देते. बायपॉड कामाचा तो जमिनीवर झोपून, जागा बदलत मारताना. पिशव्या घेऊन बांधावरून बांधावर जाता येत नाही.

तुम्ही हाताखालच्या जवानांना खांद्याचा दाब कसा शिकवत होता ते लिहाल का? बायपॉडवाल्या मुलांना नेमकं तेच येत नाही.

—

धुळ्याचा आबा :

लिहितो. खांद्याने ढकलायचं नाही. कोपरं टेकवायची, बट खांद्यात घ्यायचं, आणि मग पायाच्या बोटांनी अख्खं अंग एक इंच पुढे न्यायचं. अंगाचं वजन आपोआप बायपॉडवर जातं. खांदा ढकलत राहिलात तर स्नायू थकतो, पाचव्या गोळीला दाब कमी होतो, गोळी वर-खाली जाते. वजन थकत नाही. श्वास सोडल्यावर नेम जिथे थांबतो तिथे टार्गेट नसेल तर हाताने ओढू नका, पोट उचलून अंग फिरवा.

हलक्या रायफलीला दाबही हलका. .२२ आणि एअर रायफलीला नुसता बायपॉडचा ढिलेपणा निघेल एवढा पुरे.

—

तापीकाठ :

आबा, हे सोनं आहे. यावरून हँडगार्ड तपासायची आणखी एक रीत सांगतो. पाच गोळ्या अगदी हलक्या दाबाने, मग त्याच टार्गेटशेजारी पाच जोरकस दाबाने. दोन्ही ग्रुप आपापल्या परीने घट्ट, पण दुसरा ग्रुप सरळ वर किंवा खाली सरकलेला असेल, तर हँडगार्ड कुठेतरी टेकतोय किंवा त्याची मागची पकड हलतेय. दोन्ही ग्रुप नुसतेच विस्कटलेले असतील तर हँडगार्डला दोष देऊ नका, आबांनी सांगितलेलं आधी करा.

—

अहिरानी_पोऱ्या :

भाऊ, भलतं भारी लिखेल शे. मना बी हाऊच सवाल व्हता.

शिरपूरला उन्हाळ्यात दुपारी काळा हँडगार्ड हात लावू देत नाही. त्या तापण्याचा काही परिणाम होतो का?

—

तापीकाठ :

होतो, पण लोक समजतात तसा नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ३० सेंमीचा हँडगार्ड ३० अंशांनी तापला तर सुमारे ०.२ मिमी लांब होईल. फट नीट असेल तर त्याने बिघडत नाही. नडतं ते एकाच अंगाने ऊन लागणं. पश्चिमेचं ऊन एका बाजूला आणि दुसरी बाजू सावलीत, की पातळ हँडगार्ड थोडा पिळतो, आणि आधीच फट जेमतेम असेल तर तिथे टेकतो. शिवाय तापलेल्या हँडगार्डवरून उठणारी हवा स्कोपसमोर नाचते आणि टार्गेट हलल्यासारखं दिसतं. दोन फैरींच्या मध्ये रायफलीवर पांढरं सुती उपरणं टाकून ठेवा. आणि एप्रिल-मे मध्ये झीरो सकाळी नऊच्या आत उरकून घ्या, आपल्या भागात त्यानंतर जमिनीवरून झळा उठतात.

—

गिरणाकाठची :

माझी मुलगी चाळीसगावला शाळेत आहे, १० मीटर एअर रायफलचा सराव सुरू केलाय. पुढे मावळणकर या अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धेपर्यंत जायचं तिच्या मनात आहे. रायफल तिला जड जाते. सुरुवातीला बायपॉडवर सराव दिला तर चालेल का?

—

तापीकाठ :

ताई, बायपॉड नको. १० मीटर एअर रायफल उभ्याने मारायची असते, आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात रायफलीला बायपॉड लावता येत नाही. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा तीन पद्धतींनी मारायच्या प्रकारात) सुद्धा नाही. तिथे गुडघ्यावर आणि झोपून मारताना पट्ट्याचा आधार असतो. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य घेतलं ते याच प्रकारात. त्या रायफलींतही पट्टा बॅरलला नाही, पुढच्या स्टॉकच्या रेलवर असतो. तत्त्व इथलंच.

मुलीला वजन जड जात असेल तर प्रशिक्षकांशी बोलून हलकी किंवा लहान मापाची रायफल बघा, आणि सुरुवातीला टेबलावर मऊ आधार देऊन फक्त ट्रिगर आणि नजर यांचा सराव करू द्या. पाठीचे आणि पोटाचे व्यायाम रोज. वजन वाढवायची घाई नको, वाढत्या वयाच्या पाठीवर त्याचा ताण येतो.

—

गिरणाकाठची :

धन्यवाद दादा. तिच्या सरांशी बोलते.

—

अहिरानी_पोऱ्या :

आणखी एक. माझ्या मामांची .३१५ बोअरची रायफल आहे, लाकडी स्टॉकची. ओळखीचा टर्नर आहे, तो म्हणतो पुढे भोक पाडून रेल बसवून देतो. करावं का?

—

तापीकाठ :

दोन कारणांनी नको. एक, परवान्याच्या हत्याराची दुरुस्ती किंवा त्यात बदल करायला कारागिराकडे शस्त्र कायदा, १९५९ खालचा परवाना लागतो. टर्नर कितीही हुशार असला तरी त्याच्या वर्कशॉपमध्ये ती रायफल नेऊ नका. तो आणि तुमचे मामा दोघंही अडचणीत येतील. काम करायचंच असेल तर परवानाधारक शस्त्र दुरुस्तीवाल्याकडे जा आणि पावती घ्या.

दुसरं, त्या रायफलीचं लाकूड बॅरलला लागून असतं. ती मुळात फ्री-फ्लोट नाही. पुढे बायपॉड लावलात की लाकूड दाबून बॅरलवर येणार, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगलं की तो दाब पुन्हा बदलणार. तिला पिशवीच चांगली. आबांचं म्हणणं इथे पुरेपूर लागू आहे.

—

भुसावळकर :

दादा, कळवायचं राहिलं होतं. टॉर्च मारून बघितलं. पुढची टी-नट तिरकी अडकलेली होती, मागची बरोबर. दोन्ही स्पिरिटने पुसून निळं थ्रेडलॉकर लावून बसवल्या. मग कागदाची परीक्षा घेतली. भाचा मागे झोपला होता. सर्वांत पुढच्या खाचेवर कागद हँडगार्डच्या तोंडाशी अडकला, दोन खाचा मागे घेतल्यावर शेवटपर्यंत सरकला. तिथेच लावलाय. रेंजवर हलक्या आणि जोरकस दाबाचे ग्रुप घेतले, दोन्ही एकाच जागी आले. सैल अजून झालेला नाही.

पुढची खाच मोकळी राहिली आहे, तिथे पट्ट्याचा स्टड लावू का?

—

तापीकाठ :

उत्तम झालं. स्टड लावायला हरकत नाही, पण पट्टा फक्त खांद्याला अडकवून नेण्यापुरता. मारताना तो ताणू नका, कारण त्याच जागी कागद अडला होता. आणि स्टड लावल्यावर झीरो पुन्हा एकदा बघून घ्या.